केटलीतला मसाला : नांदगाव स्थानकापासून घरच्या डबीपर्यंत

मनमाड सोडून गाडी भुसावळच्या दिशेने निघाली की सुमारे पंचवीस किलोमीटरवर नांदगाव येते. आज इथे थोड्याच गाड्या थांबतात, थांबल्या तरी दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांत खिडकीपाशी केटली येते, कागदी पेल्यात चहा ओतला जातो आणि आल्या-वेलचीचा वास डब्यात शिरतो. हा वास कुणाचा, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच, तर दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, मसाल्याचा चहा म्हणजे ऋषिमुनींच्या काळापासून चालत आलेला आपला काढा. दुसरे म्हणते, चहा इंग्रजांनी शिकवला, आपण त्यात मसाला तेवढा घातला. गेली काही वर्षे या दोन्ही उत्तरांची छाननी करण्याचा माझा प्रयत्न आहे. त्याला कारण घरगुती आहे. आमच्या घरी एक पितळी डबी आहे आणि तिच्यातला मसाला घरात कसा आला याची एक हकिकत आहे. ती शेवटी सांगेन. आधी स्थानकाविषयी.

वेरूळचा दरवाजा

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. थळ घाटातली चढण १ जानेवारी १८६५ रोजी खुली झाली आणि मुंबईचे फलाट नाशिक-खानदेशाला जोडले गेले. त्यानंतर नांदगावला जे महत्त्व आले ते आज आठवणारे फारसे कुणी उरले नाही. निजामाची हद्द इथून जवळ. वेरूळची लेणी, दौलताबाद, औरंगाबाद पाहायला निघालेला प्रवासी तेव्हा नांदगावला उतरे आणि पुढे टांग्याने किंवा बैलगाडीने जाई. परदेशी पाहुण्यांसाठी छापलेल्या त्या काळच्या प्रवास-मार्गदर्शिकांत नांदगावचे नाव वेरूळचे स्थानक म्हणून येते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला. शतक संपता संपता मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबाद संस्थानात जाणारा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि वेरूळचा दरवाजा नांदगावकडून मनमाडकडे सरकला. मनमाड हे नांदगाव तालुक्यातलेच गाव. पण तालुक्याचे ठिकाण एक आणि जंक्शन दुसरे, अशी ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

या साऱ्या प्रवाशांनी फलाटावर काय प्यायले? एकोणिसाव्या शतकापुरते उत्तर सोपे आहे. साहेबांसाठी मोठ्या स्थानकांवर उपाहारगृहे होती, तिथे चहा मिळे. बाकीचे लोक दशम्या-भाकरी बांधून निघत आणि फलाटावर पाणी पीत. ते पाणीही कुणी कुणाला वाढायचे याचे नियम होते. पाणी देणारा माणूस उच्च जातीचा ठेवलेला असे, कारण तसे नसते तर अनेकांनी ते घेतलेच नसते. चहाचा इतिहास सांगताना या पाण्यापासून सुरुवात केली पाहिजे. चहा म्हणजे प्रथम पाणी, आणि पाणी म्हणजे या देशात प्रथम जात.

सुरतेचा दाखला

‘चहा इंग्रजांनी शिकवला’ हे उत्तर आधी तपासू. बागायतीपुरते ते खरे आहे. आसामातल्या रानटी चहाकडे रॉबर्ट ब्रूसचे लक्ष गेले ते १८२३ मध्ये. बेंटिंकने १८३४ मध्ये चहा समिती नेमली. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम आला तो १८३९ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. पण हा उत्पादनाचा इतिहास झाला. पिण्याचा इतिहास याहून जुना आहे, आणि तो आपल्याला जवळच्या गावाचा आहे.

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला आला. शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली त्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. ओव्हिंग्टनचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात तो नोंदवतो की या भागात चहा युरोपियनही पितात आणि देशी लोकही पितात. पाण्यात उष्ण मसाले घालून चहा उकळला तर डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातली कळ यांवर तो गुणकारी मानला जातो. सहसा तो खडीसाखरेबरोबर घेतात, काही शौकीन मुरवलेल्या लिंबाबरोबर घेतात. हा चहा अर्थातच चिनी होता, समुद्रमार्गे आलेला, महाग आणि मूठभर लोकांपुरता. त्यात दूध नव्हते. तरीही ‘चहात मसाला घालून उकळणे’ ही कृती आसामच्या मळ्यांपेक्षा किमान दीडशे वर्षांनी जुनी ठरते.

मग पहिले उत्तर, ऋषिमुनींचे, खरे म्हणायचे का? तेही नाही. ओव्हिंग्टनच्या नोंदीतला चहा औषधाच्या जागी आहे. आपल्या वैद्यकात सुंठ, मिरी आणि पिंपळी यांना मिळून त्रिकटू म्हणतात, तर दालचिनी, वेलची आणि तमालपत्र यांना त्रिजात. आजच्या चहा मसाल्याची कोणतीही कृती काढून पाहा. तिच्यात त्रिकटूतले दोन आणि त्रिजातातले दोन घटक हमखास सापडतील. पण त्रिकटूच्या काढ्यात चहाची पत्ती नव्हती. घडले ते असे असावे. परदेशातून एक नवे पान आले, ते कडवट होते, उष्ण पाण्यात उकळायचे होते, आणि अशा कडवट उकळलेल्या पेयासाठी आपल्या घरात एक तयार खण होता. त्या खणावर ‘काढा’ असे लिहिलेले होते. नवे पान तिथे जाऊन बसले. परंपरा जुनी होती ती मसाल्याची. चहा तिच्या घरी पाहुणा म्हणून आला.

एक कप आणि एक ग्रामण्य

पाहुणा घरचा व्हायला वेळ लागला. विशेषतः महाराष्ट्रात चहाने पहिला मोठा गोंधळ घातला तो चवीमुळे नव्हे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. त्यानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. श्रोत्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून आणली आणि पुण्यात पंचहौद मिशन प्रकरण, म्हणजेच चहा ग्रामण्य, उभे राहिले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा घेतला की नाही, घेतला असल्यास किती, तोंडाला लावला की नुसता हातात धरला, याची चौकशी शंकराचार्यांच्या गादीपर्यंत गेली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला.

ही कथा आपण आजवर गमतीने सांगत आलो. तिच्यातली गंमत खरी आहे, पण तिच्यातून एक गोष्ट नोंदवायची राहते. देशातली सर्वांत बुद्धिमान माणसे एका कपावरून अडचणीत आली, ती त्या कपातल्या पाण्यामुळे. बिस्किटामुळेही आली, कारण भट्टीत भाजलेल्या पदार्थात कुणाच्या हातचे पीठ, कुणाच्या हातचे पाणी, हे सांगता येत नसे. पाव, बिस्किटे, चहा ही तिन्ही एकाच संशयाची लेकरे होती.

सेस, पाट्या आणि किटल्या

चहा सर्वसामान्यांच्या तोंडी लागला तो विसाव्या शतकात, आणि तो आपोआप लागला नाही. आसाम-बंगालच्या मळेवाल्यांचा माल प्रामुख्याने विलायतेला जात होता. बाजार वाढवायचा तर घरचे गिऱ्हाईक हवे. १९०३ मध्ये कर्झनच्या राजवटीत चहा सेसचा कायदा झाला. निर्यात होणाऱ्या चहावर लहानसा कर बसवायचा आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा, अशी ही योजना. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, गिरण्या, खाणी इथे चहाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. मजुराला चहासाठी सुटी दिली तर तो अधिक काम करतो, हे मालकांना पटवण्यात आले. त्यानंतर प्रचारकांची नजर गेली रेल्वेकडे. जंक्शनांवरच्या छोट्या विक्रेत्यांना किटल्या, कप आणि चहाची पुडकी पुरवण्यात आली. स्थानकांवर चहा करण्याची ‘योग्य’ रीत सांगणाऱ्या इनॅमलच्या पाट्या देशी भाषांतून लागल्या. ताजे पाणी खळखळून उकळा, भांडे आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती घाला, काही मिनिटे मुरू द्या, आणि मग वेगळे दूध, वेगळी साखर.

विक्रेत्यांनी किटल्या घेतल्या आणि रीत सोडून दिली. पाणी, दूध, साखर, पत्ती सारे एकत्र उकळायला ठेवले आणि त्यात आले ठेचून टाकले. या मागे काही तत्त्वज्ञान नव्हते, साधा हिशेब होता. पत्ती सर्वांत महाग. ती निम्म्यावर आणली आणि उरलेली जागा आल्याने, वेलचीच्या सालींनी, साखरेने भरून काढली तर गिऱ्हाईक खूश आणि गल्ल्यात चार पैसे जास्त. प्रचारक यावर नाराज होते, कारण मसाल्यामुळे पत्तीचा खप घटत होता. ज्या मसाल्याच्या चहाला आज जग भारताची ओळख मानते, तो चहा खपवणाऱ्या संस्थेच्या लेखी चूक होता. फलाटावरच्या माणसाने ती चूक रोज शेकडो वेळा केली आणि ती रूढ करून दाखवली.

१९२९ नंतरच्या मंदीने ही रूढी पक्की केली. जगात चहा फार झाला, भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्यातीवर मर्यादा आल्या. उरलेला माल देशातच खपवणे भाग होते. १९३७ मध्ये सेस समितीचे रूपांतर इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डात झाले आणि प्रचार खेड्यापाड्यांत पोचला. त्याच दशकात आसामात आणखी एक गोष्ट घडली होती. १९३० मध्ये विल्यम मॅक्कर्चर याने पान चिरडून, फाडून, गोळीसारखे वळणारे यंत्र काढले. सीटीसी म्हणतात ती पद्धत हीच. तिचा खरा प्रसार साठच्या दशकात झाला. या दाणेदार चहाला रंग लवकर येतो, कडकपणा असतो, दूध-साखरेच्या भाराखाली तो दबत नाही आणि मसाल्यापुढे हरत नाही. फलाटावरची ‘चूक’ आणि कारखान्यातला दाणा यांची सोयरीक जमली. टपरीवरचा आजचा चहा हे त्यांचे अपत्य.

पुण्यात याच सुमारास, विसाच्या दशकात, राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी अमृततुल्य सुरू केली. पितळी पातेले, बत्त्याने कुटलेली वेलची-आले, कपड्याची गाळणी. तिथे मसाला ही काटकसर राहिली नाही, प्रतिष्ठा झाली. चालवणारा ब्राह्मण, म्हणून सोवळ्यातल्या गिऱ्हाइकालाही अडचण नाही. १८९० चा प्रश्न असा सोडवला गेला. कप तोच राहिला, हात बदलला.

हिंदू चाय, मुसलमान चाय

फलाटावर मात्र प्रश्न उघडाच होता. उत्तरेपासून मुंबई इलाख्यापर्यंत अनेक स्थानकांवर ‘हिंदू चाय’ आणि ‘मुसलमान चाय’ अशा वेगवेगळ्या आरोळ्या स्वातंत्र्यापर्यंत ऐकू येत. दोन्ही किटल्यांत मळा एकच, मंडळ एकच, पत्तीही एकच. आणि या दोन आरोळ्यांच्या बाहेर तिसरा माणूस उभा होता, त्याच्यासाठी आरोळीच नव्हती.

या तिसऱ्या माणसाविषयी नांदगाव तालुक्याच्या इतिहासात एक महत्त्वाचे पान आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन या परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली एक साधी वस्तुस्थिती मांडली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर आयुष्य काढतो, त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात. म्हणजे बढती अडत होती ती घरात शिरण्यावरून, पाण्याला हात लागण्यावरून. शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेल्या धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. चहाच्या प्रचाराची आणि या लढ्याची वर्षे एकमेकांवर ठेवून पाहिली तर ती जुळतात. एकीकडे सरकारमान्य मंडळ प्रत्येक भारतीयाच्या हातात कप द्यायला निघाले होते, दुसरीकडे तो कप कुणाच्या हातात द्यायचा नाही हे गाव ठरवत होते.

खेड्यातल्या हॉटेलांत यावर तोड निघाली ती वेगळ्या कपाची. हॉटेलाबाहेर छपराच्या वाशात किंवा कोनाड्यात कान तुटलेला कप आणि टवका उडालेली बशी असे. दलित गिऱ्हाइकाने ती स्वतः काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून परत खोचायची. पैसे मात्र तेवढेच. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ च्या कायद्याने हॉटेलातला असा भेद गुन्हा ठरवला. वाशातला कप त्यानंतरही बरीच वर्षे अनेक गावांत तिथेच होता.

डबीतले परदेश आणि स्वदेश

आता मसाल्याकडे वळू. चहा मसाल्याच्या डबीत पाच-सहा जिन्नस असतात आणि प्रत्येकाचा प्रवास निराळा आहे. वेलची आणि मिरी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची, कारवार-कोडगूपासून केरळापर्यंतच्या घाटांतली. आले साताऱ्याच्या शिवारातही भरपूर होते, तेच वाळवले की सुंठ. दालचिनी दोन प्रकारची. सिलोनची पातळ, अनेक पदरांची आणि गोडसर, तर बाजारात नेहमी मिळणारी जाड सालीची, तिखट. जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. युरोपियनांनी त्याच्यासाठी लढाया केल्या. आज ते कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही रुजले आहे.

लवंगेची गोष्ट विशेष आहे. गेल्या शतकात भारतात येणारी लवंग मुख्यतः झांझिबारची होती आणि तिचा व्यापार तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या हातात होता. झांझिबारच्या ब्रिटिश अमलाने १९३७ मध्ये हा व्यापार एका संघाच्या ताब्यात देणारे कायदे केले. त्याविरुद्ध मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आणि काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. लवंगेचे मोठे गिऱ्हाईक भारतच असल्यामुळे बहिष्कार लागू पडला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. मनमाडची परिषद आणि लवंगेची तडजोड एकाच वर्षातली. स्वातंत्र्यलढा मिठात होता, साखरेत होता, तसा काही महिने लवंगेतही होता.

हे सारे जिन्नस मराठी घरात चहासाठी आलेले नाहीत. सुंठ रामनवमीच्या सुंठवड्यात होती, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात होती. वेलची-जायफळ पुरणात आणि श्रीखंडात होते, कोजागरीच्या आटीव दुधात होते. लवंग, मिरी, दालचिनी काळ्या मसाल्यात होती. चहा मसाला ही या खणांची बेरीज आहे. डबीत भरून विकला जाणारा मसाला साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या कंपन्यांनी बाजारात आणला. त्याआधी हा मसाला घरोघरी कुटला जात होता, आणि त्याचे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे होते.

घरची डबी

इथे घरची हकिकत सांगतो. आजोबा रेल्वेत गँगमन होते. नांदगावच्या अलीकडे-पलीकडे रुळांवर त्यांची उमेद गेली. फलाटावरच्या एका केटलीवाल्याचा चहा त्यांना आवडे, कारण गाडी सुटायच्या घाईत तो कुणालाही सारख्याच कपात ओतून देई. गावातल्या एका हॉटेलात मात्र त्यांच्यासाठी वाशातला कप होता. आजोबांनी तिथे जाणे सोडले. पण थंडीच्या पहाटे कामावर निघताना फलाटावरच्या त्या चहाची तल्लफ त्यांना येई. आजीने विचारले, ‘त्यात असतं काय असं?’ आजोबांनी वासावरून ओळखून सांगितले, सुंठ, वेलची, मिरी. आजीने तेवढेच कुटले. पुढे दालचिनी आली, लवंग आली. दूध नसे तेव्हा कोऱ्या, गुळाच्या चहात तोच मसाला पडे. नांदगाव तालुका पावसाच्या आडोशाला. दुष्काळात दूध पहिले जाते, मसाला उरतो. आजीचे म्हणणे एवढेच होते, ‘च्या बी आपला, कप बी आपला.’

आईने ते प्रमाण वहीत उतरवले. त्या वहीत चहाचा मसाला ‘औषधे’ या मथळ्याखाली आहे, खोकल्याच्या काढ्याच्या खाली आणि डिंकाच्या लाडवांच्या वर. ओव्हिंग्टनने सुरतेत पाहिलेला चहा जिथे बसला होता तिथेच. हिरवी वेलची ५० ग्रॅम, सुंठ ५० ग्रॅम, दालचिनी २० ग्रॅम, काळी मिरी १५ ग्रॅम, लवंग १० ग्रॅम आणि अर्धे जायफळ.

कृती थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण तिच्यातल्या कारणांसाठी थांबावे लागते. वेलची सालासकट घ्यायची. सालीतही वास असतो, आणि टाकून देण्याची चैन आमच्या घरात नव्हती. दालचिनी, मिरी, लवंग मंद आचेवर नुसती कोमट करायची, ओल जाण्यापुरती. लाल भाजली तर सुगंधी तेल उडून जाते आणि राहतो तो जळका कडवटपणा. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यायची, नाहीतर मिक्सरचे पाते तिच्यापुढे हात टेकते. जायफळ शेवटी किसून. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, कारण तापला की मसाल्याचा वास भांड्याच्या झाकणाला जातो. पूर्ण गार झाल्यावर चाळायचा, चाळणीवर राहिलेला कोंडा पुन्हा फिरवायचा, आणि घट्ट झाकणाच्या डबीत भरायचा. दोन-तीन महिन्यांपुरताच करावा. त्यानंतर तिखटपणा राहतो, सुवास जातो.

सुंठच का, आले का नाही, याचेही कारण आहे. आले वाळताना त्यातला तिखट अंश बदलतो आणि अधिक तिखट होतो, म्हणून सुंठ आल्यापेक्षा घशात जास्त उतरते. दुसरे, ताज्या आल्यात दूध फाडणारा अंश असतो. आल्याचा चहा करताना आले आधी पाण्यात चांगले उकळावे आणि मग दूध घालावे, ही आजीची शिकवण त्यामुळेच बरोबर होती. मसाल्यातली सुगंधी तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, दुधाच्या सायीत विरघळतात. म्हणून दुधाच्या चहात हा मसाला गोल लागतो आणि कोऱ्या चहात टोकदार. दोन कपांना पाव चमचा पुरे. कोऱ्या चहाला त्याहून कमी.

हाच मसाला दिवाळीच्या आधी आणखी एका कामाला येतो. आमच्याकडे, जशी अनेक तालुक्यांच्या गावी आहे तशी, मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीत जाण्याची पद्धत आहे. घरच्या मालाची नानखटाई भट्टीवाला आपल्या पत्र्यांवर भाजून देतो. नानखटाई हा शब्द फारसी आहे. नान म्हणजे रोटी आणि खटाई म्हणजे खिताई, चीनचे जुने नाव. तिचे माहेर सुरत मानतात, डचांच्या भट्ट्यांवर काम केलेल्या पारशी कारागिरांकडे तिचे श्रेय जाते. म्हणजे मसाल्याचा चहा आणि त्यात बुडवायची नानखटाई या दोन्हींचा पहिला पत्ता एकच शहर आहे, आणि दोघांच्याही नावात चीन आहे. पाव किलो मैद्याला एक चमचा चहा मसाला आई घालते. भट्टीच्या आचेत मिरी-सुंठ चढतात, म्हणून त्या दिवसासाठीच्या मसाल्यात मिरी निम्मी. तुपात मसाला आधी फेटून घेतला की वास टिकतो. परदेशांत अलीकडे चहा मसाल्याचे केक आणि बिस्किटे यांची लाट आहे, तिथे त्याला नुसतेच ‘चाय’ म्हणतात. नांदगावच्या भट्टीवर ही लाट बरीच आधी येऊन गेली, तिला नाव मात्र कुणी दिले नाही.

ताळेबंद

आता सुरुवातीच्या दोन उत्तरांकडे परत येतो. मसाल्याचा चहा ऋषिमुनींचा नाही. त्यात पत्ती आहे, आणि तो आपल्या तोंडी लागला त्यामागे कर, मंदी, निर्यातबंधने आणि पाट्या यांचा इतिहास आहे. तो इंग्रजांनी शिकवलेलाही नाही. त्यांनी शिकवला तो चहा आपण प्यालोच नाही. जो प्यायलो तो सुरतेच्या बाजारातून, वैद्याच्या पुडीतून आणि फलाटावरच्या गरीब विक्रेत्याच्या हिशेबातून तयार झाला. त्या विक्रेत्यांची नावे कुठल्याही दप्तरात नाहीत. मंडळाच्या अहवालांत ते ‘न ऐकणारे’ म्हणून येतात. इतिहासात अशा रीतीने नोंदले जाणे कमीपणाचे नाही.

आणखी एक गोष्ट. चहाने भारतीयांना एकत्र आणले, असे आपण सहज लिहितो. नांदगाव-मनमाडचा इतिहास सांगतो की चहाने आधी पंक्ती वेगळ्या केल्या. पुण्यात प्रायश्चित्त दिले, फलाटावर दोन आरोळ्या दिल्या, हॉटेलाच्या वाशात कप खोचला. पुढे जे एकत्र आले ते परिषदांमुळे आणि कायद्यामुळे. थोडे गाडी सुटायच्या घाईमुळेही.

वाशातला तो कप आजोबांनी कधी तरी घरी आणला होता, असे आई सांगते. हॉटेलवाल्याने मागितला नाही. कान तुटलेल्या त्या कपात आजी मसाला मोजायची. पितळी डबी नंतर आली. कप पुढे फुटला, पण वहीतल्या प्रमाणाशेजारी आईने कंसात लिहिले आहे : ‘एक कप भरून होतो.’